दोन देशांच्या शिदोऱ्या

वैशाखातील सकाळ आहे. सांगलीचा एक मुलगा आणि जपानहून त्याच्याकडे पाहुणा म्हणून आलेला त्याचा मित्र असे दोघे जण वनभोजनास निघाले आहेत, अशी कल्पना करावी. पहाटे सांगली सोडून, कृष्णेच्या उगमाच्या दिशेने कऱ्हाड, सातारा ही गावे मागे टाकीत ते वाईजवळच्या मेणवलीस येऊन पोहोचतात. नाना फडणिसांचा वाडा आणि नदीवरचा दगडी घाट पाहून होईतो सूर्य माथ्यावर येतो. मग झाडाची दाट सावली पाहून दोघे बसतात आणि आपापली शिदोरी सोडतात.

दोन्ही शिदोऱ्या पहाटे चार वाजता, एकाच स्वयंपाकघरात तयार झालेल्या असतात. आता दुपारचे बारा वाजले आहेत. मधल्या आठ तासांत अन्नाने प्रवास केला, उन्हाचा ताप सोसला. सांगलीकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास चढतो. अशा वेळी शिदोरी सोडताना मनात पहिला प्रश्न येतो तो चवीचा नव्हे. अन्न चांगले राहिले असेल ना, हा तो प्रश्न होय. आजारी पाडणारे बहुतेक जंतू साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतामानात वाढू शकतात आणि उन्हाळ्याची दुपार तर त्यांना फारच मानवते. त्यांना उष्णता, ओलावा आणि वेळ या तीन गोष्टी मिळाल्या, की अन्न बिघडलेच म्हणून समजावे. प्रवासात उष्णता टाळता येत नाही आणि वेळही थांबवता येत नाही. म्हणून शिदोरी बांधणाऱ्या हातांनी शेकडो वर्षे निराळ्या युक्त्या योजिल्या. नवल असे, की हजारो कोसांचे अंतर असलेल्या दोन देशांत या युक्त्या पुष्कळशा सारख्याच निघाल्या.

प्रथम बाहेरचे रूप पाहावे. सांगलीच्या मुलाची भाकरी स्वच्छ फडक्यात बांधलेली आहे. जपानी मित्राचा डबाही एका चौकोनी रंगीत कापडात बांधलेला असून त्याची दोन टोके वर गाठ मारून हातात धरण्याजोगी केली आहेत. या कापडाला जपानी भाषेत ‘फुरोशिकी’ म्हणतात आणि अशा डब्यातील जेवणाला ‘बेंतो’ म्हणतात. बेंतोची परंपरा जपानात फार जुनी आहे. नाटकाच्या दोन अंकांमधल्या विश्रांतीत खाण्याचा बेंतो निराळा आणि आगगाडीच्या स्थानकावर मिळणारा बेंतो निराळा. १८८५ साली उत्सुनोमिया स्थानकावर असा पहिला डबा विकला गेला, असे सामान्यतः मानतात. वसंत ऋतूत चेरीची झाडे फुलली, की जपानी कुटुंबे त्या झाडांखाली चटया अंथरून बसतात आणि बेंतो सोडतात. वनभोजनाची हौस दोन्हीकडे सारखीच आहे.

आता आतील पदार्थ. सांगलीच्या फडक्यातून ज्वारीच्या भाकरी, दशम्या, कोरडा झुणका, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि कैरीच्या फोडी निघतात. या शिदोरीची पहिली युक्ती म्हणजे कोरडेपणा. तव्यावर भाजून मग निखाऱ्यावर फुगवलेल्या भाकरीतील बरेचसे पाणी निघून जाते. पातळ पिठले लवकर आंबते, म्हणून प्रवासाला झुणका कोरडा करतात. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. चटणीत पाण्याचा थेंबही पडू देत नाहीत. पुडीत थोडे बेदाणेही आहेत. ताज्या द्राक्षाच्या शंभर भागांत सुमारे ८० भाग पाणी असते, तर बेदाण्यात ते सुमारे १५ भागच उरते. पाणी गेले, की जंतूंचे जीवनच गेले. ज्या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो टिकतो तो याच कारणाने.

जपानी डब्यात भाकरी नाही, भात आहे. मात्र तो मोकळा नाही. त्याचे हातात मावतील असे तीन त्रिकोणी गोळे केले आहेत. त्यांना ‘ओनिगिरी’ म्हणतात. भाताचा गोळा असा घट्ट कसा राहतो? तांदळात पिष्ट दोन प्रकारचे असते. त्यांपैकी ॲमिलोज नावाचे पिष्ट लांबट तांदळात अधिक असते. त्यामुळे तो भात मोकळा होतो आणि निवल्यावर ताठरतो. जपानी तांदूळ आखूड व जाड असून त्यात ॲमिलोज कमी असते. म्हणून त्याची शिते एकमेकांना चिकटतात आणि थंड झाल्यावरही मऊ राहतात. मावळातील इंद्रायणी तांदूळही असाच चिकट असतो. म्हणूनच सांगलीच्या स्वयंपाकघरातही ओनिगिरी जमून गेली.

भातात ओलावा भरपूर असतो. तेव्हा कोरडेपणाची युक्ती येथे चालत नाही. येथे दुसऱ्या दोन युक्त्या कामास येतात : मीठ आणि आंबटपणा. ओनिगिरी वळताना तळहात ओले करून त्यांना मीठ चोळतात, म्हणजे गोळ्याला बाहेरून मिठाचे कवच मिळते. गोळ्याच्या पोटात एक खारट-आंबट फळ दडवतात. त्याचे नाव ‘उमेबोशी’. उमे हे जरदाळूच्या जवळचे फळ आहे. जपानात ते जूनच्या सुमारास, पावसाळ्याच्या तोंडी तयार होते. तेथील त्या पावसाचे नाव लिहितानाही ‘उमेचा पाऊस’ अशा अर्थाची अक्षरे वापरतात. ही फळे पुष्कळशा मिठात मुरवतात, शिसो नावाच्या झुडपाच्या तांबड्या पानांनी रंगवतात आणि पुढे कडक उन्हात सुमारे तीन दिवस वाळवतात. कैरीच्या फोडींना मीठ लावणाऱ्या, त्या उन्हात ठेवणाऱ्या आजीला हे सारे ओळखीचे वाटेल. पांढऱ्या भाताच्या मधोमध एकच तांबडे उमेबोशी ठेवले, की डबा जपानच्या राष्ट्रध्वजासारखा दिसतो. म्हणून त्या डब्याला ध्वजाचेच नाव मिळाले आहे.

आता सांगलीच्या मुलाने शेवटचा डबा उघडला. त्यात दहीबुत्ती आहे. तिच्यातही एक खुबी आहे. प्रवासाला निघताना भातात दही फार घालत नाहीत. मऊ भात निववून दुधात कालवतात आणि त्याला चमचाभर दह्याचे विरजण लावतात. वाटेत ते दूध हळूहळू विरजते आणि जेवणाच्या वेळी भात नेमका चवीला येतो. सकाळीच सारे दही घातले असते, तर दुपारी तो भात आंबटढाण झाला असता. विरजणातील उपकारक जंतू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात घातक जंतूंची वाढ खुंटते.

जपानी लोकांची ‘सुशी’ आज जगभर प्रसिद्ध आहे. तिचा उगमही याच तत्त्वात आहे. पूर्वी मासळी टिकवण्यासाठी ती मीठ लावून शिजवलेल्या भातात महिनोन् महिने दाबून ठेवीत. भात आंबे आणि त्या आंबटपणामुळे मासळी टिके. बिवा सरोवराच्या काठी असा प्रकार अजूनही करतात. पुढे इतके थांबणे नकोसे झाले, तेव्हा भातात शिर्का मिसळून तो आंबटपणा ताबडतोब आणण्याची रीत पडली. दहीबुत्ती आणि सुशी या दोहोंची चव अगदी भिन्न. पण आंबट भात सुरक्षित राहतो, हे ज्ञान दोघींच्याही मुळाशी आहे.

आणखी एक युक्ती दोन्ही शिदोऱ्यांत आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे निववण्याची. ऊन ऊन अन्न डब्यात भरून झाकण लावले, तर वाफेचे पाणी होऊन ते झाकणाखाली जमते आणि पुन्हा अन्नावर ठिबकते. आतली ऊबही तासन् तास टिकते. म्हणून सांगलीची आई भाकरी चाळणीवर पसरून निववते आणि बेंतो भरणारी जपानी आईही भात पूर्ण निवल्याखेरीज झाकण लावीत नाही.

तथापि या युक्त्यांनाही मर्यादा आहेत. उमेबोशीचा प्रभाव त्याच्या अवतीभवतीच्या भातापुरताच असतो. बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजवतानाच्या उष्णतेतही मरत नाहीत. भात उबदार जागी बराच वेळ राहिला, तर ते रुजतात आणि विष तयार करतात. त्यांतील एक विष असे आहे, की भात पुन्हा गरम केला तरी ते नष्ट होत नाही. म्हणून आंबूस वास येणारा किंवा बुळबुळीत झालेला साधा भात टाकूनच द्यावा. वास आला नाही तरीही उन्हात राहिलेल्या अन्नाचा भरवसा धरू नये. हल्ली जपानी घरांत उन्हाळ्यात डब्यासोबत बर्फाची थंड पिशवी ठेवतात. ती नसेल, तर भात मुळी न नेता भाकरी-चटणी न्यावी, हेच शहाणपणाचे. मेणवलीला भात नेणाऱ्या या दोघांनीही आपले डबे बर्फाच्या पेटीत ठेवले होते. जुनी रीत आणि नवे साधन यांत वैर नाही.

सांगलीच्या स्वयंपाकघरात उमेबोशी मात्र नव्हते. पण गोळ्याच्या पोटात काहीतरी खारट-आंबट हवे, एवढे ध्यानात आल्यावर अडचण उरली नाही. आजीच्या बरणीतली मिठात मुरलेली कैरीची फोड तिथे जाऊन बसली. गोळ्याभोवती गुंडाळण्यासाठी नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्रवनस्पतीचा कागदासारखा पातळ तुकडा, पाहुण्याने जपानहून आणलाच होता. तो आधीच गुंडाळला तर दमट होऊन चिवट होतो. म्हणून पुष्कळ जण तो निराळा ठेवून खाण्याच्या वेळी गुंडाळतात.

वनभोजनाची खरी गोडी शिदोरी सोडल्यावर कळते. जपानी मुले जेवणापूर्वी हात जोडून ‘इतादाकिमास’ असे म्हणतात. जे मिळाले ते मी नम्रपणे स्वीकारतो, असा त्याचा भाव आहे. महाराष्ट्रातील मुलांना गोपाळकाल्याची कथा ठाऊक असते. रानात गुरे राखताना श्रीकृष्णाने सर्व सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या आणि कोणाची शिदोरी कोणती हा प्रश्नच उरू दिला नाही. मेणवलीच्या सावलीतही तसेच घडते. पाहुणा भाकरीचा तुकडा मोडून शेंगदाण्याच्या चटणीला लावतो, तिखट लागताच डोळे मिटतो आणि पुन्हा हात पुढे करतो. सांगलीचा मुलगा ओनिगिरीचा घास घेतो. पहिल्या घासाला नुसता खारट भात, आणि दुसऱ्या घासाला आजीच्या बरणीतली कैरी दाताखाली येते. तो चकित होऊन हसू लागतो. थोड्याच वेळात दोन्ही डबे रिकामे होतात, आणि फडके व फुरोशिकी कृष्णेच्या पाण्यात धुऊन एकाच दगडावर शेजारी शेजारी वाळत पडतात.