उन्मादाची पूर्वरूपे व सायकोसिसची जोखीम : चिकित्सालयातील प्राथमिक परीक्षण

झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, डोके पोकळ वाटते, अभ्यासात मन लागत नाही, अशा तक्रारी घेऊन सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी आईसोबत चिकित्सालयात येतो. अग्निमांद्य व परीक्षेचा ताण असे निदान करून मेध्य कल्प दिला जातो. बहुतेक वेळा हे निदान योग्यच असते. मात्र थोड्या रुग्णांत हीच लक्षणे सायकोसिसची पूर्वसूचना ठरतात. सायकोसिस सुरू झाल्यावर उपचाराविना गेलेला काळ जितका दीर्घ, तितकी पुढील सुधारणा अवघड, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून प्रथम भेटणाऱ्या वैद्याचे परीक्षण मोलाचे आहे.

शास्त्रीय आधार

चरकसंहितेच्या निदानस्थानातील सातव्या अध्यायात उन्मादाची पूर्वरूपे आली आहेत. शिरःशून्यता, नेत्रांची आकुलता, कर्णनाद, अरोचक, अविपाक व हृद्ग्रह ही त्यांतील शारीर लक्षणे. चिंतन, आयास, संमोह व उद्वेग ही मानस लक्षणे. मानस लक्षणांना आचार्यांनी ‘अस्थानी’ हे विशेषण लावले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा उद्वेग स्थानी असतो. सुटीत, घरच्या माणसांत, विनाकारण वाटणारी धास्ती अस्थानी होय. सुश्रुतोक्त क्रियाकालांत ही स्थानसंश्रयाची, म्हणजे चौथी अवस्था.

आधुनिक निकष

१९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी, अॅलिसन युंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जोखमीच्या अवस्थेचे निकष बांधले. त्यांचे तीन गट आहेत.

१) सौम्य लक्षणे : आपल्याविषयी कुजबुज चालली आहे असा संशय, कोणी नाव घेऊन हाक मारल्याचा भास, परंतु ‘हा माझ्या मनाचा खेळ असेल’ अशी शंका शिल्लक असते.
२) अल्पकालीन लक्षणे : स्पष्ट भास किंवा भ्रामक समजूत, जी एका आठवड्याच्या आत औषधाविना शमते.
३) कुलज जोखीम : आई, वडील वा सख्ख्या भावंडास सायकोसिस, आणि रुग्णाच्या अभ्यासात, कामात वा व्यवहारात अलीकडे झालेली ठळक घसरण.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पूर्वरूप हे भावी व्याधीचे ज्ञापक, अशी आपली व्याख्या आहे. परंतु वरील निकषांत बसणाऱ्या सर्वांना व्याधी होत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार तीन वर्षांत सुमारे २५ टक्के व्यक्तींना सायकोसिस झाला. म्हणजे चारांपैकी तिघांना त्या काळात तो झाला नाही. ‘वेड लागण्याची सुरुवात’ असा शिक्का मारणे त्यामुळे अशास्त्रीय आहे आणि घातकही.

प्रश्नपरीक्षा

पालकांसमवेत इतिहास घेतल्यावर रुग्णाशी एकट्याने बोलावे. ‘तुला भास होतात का?’ असे एकदम विचारू नये. झोप, मित्र व अभ्यास यांपासून आरंभ करून पुढे विचारावे : अलीकडे आवाज, प्रकाश, रंग वेगळे जाणवतात का? लोक मुद्दाम पाहतात असे वाटते का? कोणी नसताना बोलणे ऐकू येते का? होकार आल्यास चार गोष्टी नोंदवाव्यात : आरंभ केव्हा झाला, आठवड्यातून किती वेळा घडते, रुग्णाचा त्यावर किती विश्वास आहे, आणि त्यामुळे कोणते काम थांबले आहे. आत्मघाताचे विचार स्पष्ट शब्दांत विचारावेत. विचारल्याने ते उत्पन्न होत नाहीत.

गांजा, भांग, मद्य, अपस्मार, ज्वर व थायरॉइडचे विकार यांचा विचार करावा. कुलदैवताच्या उत्सवात अंगात येणे, किंवा निधनानंतर काही दिवस मृताची हाक ऐकू येणे, यांस समाजमान्य संदर्भ असतो; एवढ्यावरून रोग मानू नये.

वैद्य व औषधी विक्रेते यांचे कर्तव्य

निद्रानाश वा अतिसार यांसाठी दिले जाणारे काही कल्प, उदाहरणार्थ जातीफलादि चूर्ण, विजयायुक्त असतात. भांग व धत्तूर ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत आहेत. जोखमीच्या तरुणास असे कल्प देऊ नयेत; विक्रेत्यांनीही ते वैद्याच्या पत्रावाचून हाती देऊ नयेत. मेध्य रसायनाने सायकोसिस टळतो, असे आश्वासनही देऊ नये. माशाच्या तेलातील ओमेगा-३ विषयी २०१० च्या व्हिएन्ना येथील अभ्यासाने मोठी आशा निर्माण केली होती. नंतरच्या मोठ्या बहुकेंद्रीय चाचणीत तो लाभ दिसला नाही.

सौम्य लक्षणांत नियमित निद्रा, आहार, व्यसनत्याग, कुटुंबाचे समुपदेशन आणि दर पंधरा दिवसांनी पुनर्परीक्षण करावे, तसेच मनोविकारतज्ज्ञाचा अभिप्राय घ्यावा. शंका मावळून समजूत दृढ झाली, आज्ञा करणारे आवाज येऊ लागले, अन्न-निद्रा सुटली वा आत्मघाताचा विचार दिसला, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. तज्ज्ञाने सुरू केलेले औषध आपण बंद करू नये. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी लावावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आयुर्वेदतज्ज्ञांचा मानसिक आरोग्य व्यावसायिकांत समावेश केला आहे. इतर वैद्यांचे काम त्याहून मर्यादित असले तरी कमी महत्त्वाचे नाही. लक्षण वेळीच ओळखणे, त्याचा बाऊ न करणे आणि रुग्णाचा हात योग्य ठिकाणी पोहोचेपर्यंत न सोडणे, एवढे आपल्या प्रत्येकाकडून घडावे.