किल्ल्याची माती, गोठ्याची माती

लोणावळ्याच्या तुंगार्लीतून धरणाच्या अंगाने वर चढलं की राजमाचीची वाट लागते. दुसऱ्या अंगाला लोहगड आणि विसापूर, पवनेच्या पाण्याकाठी तुंग आणि तिकोना. इतके खरे किल्ले उशा-पायथ्याला असताना इथली पोरं दिवाळीत अंगणात आणखी एक किल्ला रचतातच. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओलं गोणपाट, गोणपाटावर लाल मातीचा लेप. उतारावर हळीव किंवा मोहरी टाकायची आणि कोंब वर आले की मावळे पहाऱ्याला उभे करायचे. सुट्टी संपते, माती तडकते, पोरं शाळेत जातात.

यातली काही पोरं कॅथलिक संस्थेच्या शाळेत जातात. तिथे डिसेंबर लागला की वऱ्हांड्याच्या एका कोपऱ्यात पुन्हा गोणपाट येतं, पुन्हा माती कालवली जाते. या वेळी किल्ला नाही, गोठा. येशूच्या जन्माचा देखावा. कसब मात्र तेच. गोव्यातली ख्रिस्ती घरं गोठ्यासाठी वाटीत नाचणी पेरतात, आपण किल्ल्यावर हळीव पेरतो, आणि दोन्हीकडे रोज सकाळी उठून कोंब किती वाढले ते बघणारं पोर सारखंच असतं.

कॅथलिक प्राथमिक शाळेतले सण कसे साजरे होतात, त्यात कोण कुठवर सामील होतं आणि कुठे थांबतं, हे बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं. आपलं मूल त्या शाळेत कित्येक वर्षं काढतं, तरी आपण फाटकापर्यंतच जातो. म्हणून हा फाटकाच्या आतला फेरफटका.

पाटीवरची नावं

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर आली आणि लोणावळ्याचं रूप पालटलं. रेल्वेच्या गावांत सगळीकडे होतं तसं इथेही नाना ठिकाणची, नाना धर्मांची माणसं आली. १९४५ मध्ये ‘शिवाजी’ हे नौदलाचं प्रशिक्षण केंद्र इथे सुरू झालं. त्यामुळे आज लोणावळ्यातल्या एखाद्या वर्गाची हजेरी घेतली तर मावळातल्या आडनावांना लागूनच केरळ, पंजाब, गोवा, तमिळनाडूची आडनावं ऐकू येतात.

गावातल्या दोन ख्रिस्ती शाळांची नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत: डॉन बॉस्को आणि ऑक्सिलियम कॉन्व्हेंट. दोन्ही नावांचं मूळ एकाच माणसापाशी जातं. जॉन बॉस्को हा इटलीतल्या तुरिन शहरातला धर्मगुरू. जन्म १८१५, मृत्यू ३१ जानेवारी १८८८. गवंडीकाम आणि मिळेल ती मजुरी करणाऱ्या उनाड पोरांना त्याने १८४१ पासून जवळ केलं. लहानपणी तो दोरीवर चालायचा, हातचलाखी करायचा. पुढे पोरांना गोळा करायलाही हेच खेळ कामी आले. ‘ऑक्सिलियम’ हा लॅटिन शब्द, अर्थ मदत. ‘ख्रिस्ती जनांची साहाय्यक’ म्हणून मरियामातेला जे नाव आहे, त्यातला हा तुकडा. बॉस्कोने मारिया माझारेल्लो हिच्यासोबत १८७२ मध्ये धर्मभगिनींचा जो संघ स्थापला, तोही याच मातेच्या नावाने.

आणि ‘कॉन्व्हेंट’? मुळात धर्मभगिनी राहतात ते घर. आपण तो शब्द उचलून इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला चिकटवला. आता ज्या शाळेत एकही धर्मभगिनी नाही, तिच्या पाटीवरही ‘कॉन्व्हेंट’ झळकतं. पोर्तुगीजांकडून आलेले ‘नाताळ’, ‘पाद्री’ आणि ‘पाव’ तर इतके मुरले, की ते परके होते हे सांगावं लागतं.

सकाळची घंटा

शाळेचा दिवस रांगेने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना आणि मग पाच मिनिटांचं बोलणं. हे बोलणं सालेशियन, म्हणजे बॉस्कोच्या परंपरेतल्या, शाळांची खास ओळख. बॉस्कोच्या वसतिगृहात रात्री झोपण्याआधी मुलांना दोन शब्द सांगायची रीत होती आणि ती त्याच्या आईने, मार्गारेटबाईने पाडली असं सांगतात. दिवसाच्या शाळेत रात्र नसते, म्हणून ते ‘गुड मॉर्निंग’ झालं. विषय साधा असतो: डबा वाटून खा, सापडलेली पेन्सिल परत कर, पावसात बुटांतलं पाणी वर्गात सांडू नका. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात शेवटचा उपदेश सगळ्यांत निकडीचा.

बॉस्कोच्या शिक्षणपद्धतीचे तीन खांब सांगतात: विवेक, धर्म आणि माया. छडी त्याला नामंजूर होती. पोरगं चुकण्याआधी मोठ्या माणसाने त्याच्या आसपास असावं, त्याच्याबरोबर खेळावं, म्हणजे शिक्षेची वेळच येत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून या परंपरेत मैदान हे प्रार्थनाघराइतकंच मोलाचं. मधल्या सुट्टीत पोरांच्या घोळक्यात उभी असलेली सिस्टर पहारा देते आहे असं आपल्याला वाटतं. तिच्या लेखी तोही उपासनेचाच भाग असतो.

धर्मशिक्षणाच्या तासाला मात्र वर्गाची वाटणी होते. कॅथलिक मुलं ‘कॅटेकिझम’ला, म्हणजे आपल्या धर्माच्या शिकवणीला बसतात. बाकीच्यांना मूल्यशिक्षण. एकाच घंटेला दोन दारांनी दोन रांगा जातात आणि पुढच्या घंटेला गणितासाठी परत एका बाकावर येतात. मुलांना यात काही वावगं वाटत नाही. हिंदीचा आणि संस्कृतचा गट वेगळा असतो, तसंच हेही.

आमच्या पोराला प्रसाद का नाही?

खरा गोंधळ होतो तो मिस्साच्या, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेच्या वेळी. शाळेचा सण असला की मिस्सा होते, इतर धर्मांचे पालकही कधी कौतुकाने येऊन मागे बसतात. धर्मगुरू भाकरीची पातळ पांढरी चकती एकेकाच्या हातावर ठेवतात. मराठीत तिला ‘ख्रिस्तप्रसाद’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे प्रसाद म्हटला की देवळात शिरलेल्या प्रत्येकाच्या हातावर पडतो, नाकारला तर देवाचा अपमान. मग एखादी आई सहज विचारून जाते, “सिस्टर, आमच्या पोराला प्रसाद का नाही दिला हो?”

उत्तर असं, की शब्द प्रसादाचा असला तरी रीत दीक्षेची आहे. बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकालाच तो घेता येतो. पूर्वी मुलं बारा-चौदा वर्षांची झाल्यावर तो पहिल्यांदा मिळे. १९१० साली पोप दहावे पायस यांनी समज येण्याचं वय साधारण सातवं धरलं आणि हा सोहळा प्राथमिक शाळेच्या वयात आला. म्हणून तिसरी-चौथीच्या वर्गातली एखादी मुलगी एके दिवशी पांढऱ्या शुभ्र झग्यातले फोटो घेऊन येते. शेजारच्या बाकावरच्या मुलाची मुंज त्याच उन्हाळ्यात आठव्या वर्षी झालेली असते. तो गोटा दाखवतो, ती फोटो दाखवते. आपल्याला दिलेलं एखादं व्रत मित्राला नाही, ही गोष्ट दोघांनाही त्याच वर्षी कळते.

वाटून खायची हौस मग केकवर आणि लाडवांवर भागते. तिथे कुणाला अडसर नसतो. नाताळाच्या फराळात करंजीही असते, कारण ‘नेवरी’ म्हणून ती गोव्याच्या ख्रिस्ती घरात पूर्वीपासून आहेच.

उपासाचंही तसंच. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आलेलं मूल बघून बाकीचे विचारतात, “अंगारा लावला का?” ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. त्यानंतर ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्यातल्या शुक्रवारी ज्याच्या डब्यात मटण नाही, त्याला श्रावणातला सोमवार पाळणाऱ्या मित्राला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गोठ्यात कोण कोण

आता पुन्हा वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात येऊ. गोठ्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी रुजवली असं मानतात. त्यांनी खरा चारा, खरा बैल आणि खरं गाढव आणवलं होतं. गंमत अशी, की शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत बैलही नाही आणि गाढवही. तिथे फक्त गव्हाण आहे, जनावरं परंपरेने नंतर आली. राजे तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही. पूर्वेकडून ज्ञानी लोक आले आणि त्यांच्या भेटी तीन होत्या, इतकंच. बाकीचं लोकांनी जोडलं. नेपल्सच्या कारागिरांनी तर गोठ्याभोवती पाववाला, मासळीवाली, फळवाला असा अख्खा बाजार बसवला.

त्यामुळे मावळातल्या शाळेच्या गोठ्यात दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची गवळण किंवा विहिरीवर पाणी भरणारी बाई येऊन उभी राहिली, तर तो परंपराभंग नाही, परंपराच आहे. नाटुकल्यातल्या मेंढपाळाला घोंगडी आणि हातात काठी दिली की तो कुठल्या देशाचा हे कुणी विचारत नाही. धनगर मावळातल्या पोरांनी पाहिलेला असतो, बेथलेहेम कुणीच पाहिलेलं नसतं. गव्हाण मात्र नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची रीत. सुट्टी आधी लागत असल्याने शाळेला या रिवाजाला थोडी मुरड घालावी लागते.

‘देखावा’ हा शब्द पुणे जिल्ह्यात शिकवावा लागत नाही. गणपतीत ज्याने कापूस आणि पुठ्ठा कापला, त्याला गोठ्याचं छप्पर जमतंच. सांताक्लॉज नंतर आला आणि फोटोत तोच पुढे असतो, पण शाळेच्या नाताळाचं घर म्हणजे गोठा. तो बांधायला बाप्तिस्मा लागत नाही.

बोलावणं आणि बळजबरी

ही सगळी सरमिसळ गोड आहे, म्हणून तिची चौकट विसरून चालत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (१) ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. अनुच्छेद २८ (३) ने दुसरी बाजू सांभाळली. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत संमती पालकाची. शाळा ख्रिस्ती असू शकते, नाताळ करू शकते, बोलावू शकते. भाग पाडू शकत नाही.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतले सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत. म्हणजे प्रश्न चार-दोन मुलांचा नाही, वर्गातल्या बहुसंख्यांचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती रिवाज लादू नका, रोज सकाळी घटनेची उद्देशिका म्हणा, शक्य तिथे सर्वधर्म प्रार्थनालय करा. महाराष्ट्रात उद्देशिका शाळांच्या परिपाठात आणण्याचा सरकारी निर्णय त्याआधीच, जानेवारी २०२० पासून लागू झाला होता. बिशप परिषदेला या सूचना देण्याची गरज भासली, यातच सगळं सुरळीत नव्हतं हे आलं. टिकली, मेंदी, मराठी बोलण्यावरचा दंड अशा तक्रारी इंग्रजी शाळांविषयी कानावर येतात आणि त्या नेहमी खोट्या नसतात. उलट बाजूने, पोराला सांताची टोपी घातली म्हणून शाळेच्या दारात येऊन आरडाओरडा करणारेही आहेत. नियम दोघांनाही सारखाच लागू आहे: मुलाच्या आईबापांना विचारा.

इंद्रायणीचा उगम

एक आक्षेप राहतो, हे सगळं आपल्या मातीतलं नाही. त्याला मराठी भाषेनेच कधीचं उत्तर दिलं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, कॅथलिक मिस्साही लॅटिन सोडून लोकभाषांत आली आणि पेटी-तबला प्रार्थनाघरात बसला. २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. लोणावळा ज्या पुणे धर्मप्रांतात येतं, त्याचे २००९ ते २०२३ या काळातले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकारामांच्या ईश्वरानुभवावर.

तुकारामांची इंद्रायणी लोणावळ्याच्याच डोंगरात उगम पावते. तिच्या नावाचा सुवासिक तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिला आणि आज तो हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांच्या हंडीत शिजतो.

सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की गोठा उतरवायचा. मूर्ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात जातात, गवळण तिच्या मालकाच्या दप्तरात परत. कोंब तोवर पिवळे पडलेले असतात. माती पोरंच घमेल्यातून उचलून शाळेच्या बागेत टाकतात, ज्या दिवशी ज्याची पाळी असेल तो. पुढच्या दिवाळीत तिथलीच दोन घमेली किल्ल्यासाठी मागून न्यायला कुणीतरी येतं, आणि सिस्टर नाही म्हणत नाहीत.