चार तारांची पाऊणशे वर्षं

लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. शिक्षणाने ते हिशेबनीस, धंद्याने रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये त्यांचं दुकान होतं आणि तिथे येणाऱ्या वादकांची गाऱ्हाणी ते मन लावून ऐकत. डबल बेस वाजवणाऱ्यांचं रडगाणं ठरलेलं असे: वाद्य गाडीत मावत नाही आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गदारोळात ते कोणाला ऐकूही जात नाही. १९५१ साली फेंडर यांनी या दोन्हींवर एकच तोडगा काढला. सपाट लाकडी अंग, ३४ इंचांची तार आणि मानेवर गिटारसारखे फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या. बोट थोडं पुढेमागे पडलं तरी सूर नेमका लागणार, म्हणून नाव प्रिसिजन बेस. सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी तीसच्या दशकातच फ्रेट असलेला विजेचा बेस करून विकायला काढला होता, पण तो चालला नाही. फेंडरचा चालला.

नवं वाद्य आलं खरं, पण त्याचा आवाज पेलणारा ॲम्प कुठे होता? तोही फेंडर यांनाच करावा लागला. १९५२च्या बासमन ॲम्पची पुढे मोठी गंमत झाली. बेसवाल्यांसाठी केलेला हा डबा गिटारवाल्यांनी पळवला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला ॲम्प तयार झाला तो याच बासमनचं सर्किट समोर ठेवून. रॉक गिटारचा म्हणून जो आवाज जग ओळखतं, त्याचं मूळ असं बेसच्या ॲम्पमध्ये आहे.

फेंडर यांनी १९५७ मध्ये प्रिसिजनचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारा भाग, दोन तुकड्यांत विभागला, त्यामुळे विजेची घरघर जवळपास गेली. १९६० मध्ये बारीक मानेचा आणि दोन पिकअपचा जॅझ बेस आला. आजही दुकानात भिंतीवर टांगलेले बहुतेक बेस या दोहोंपैकी एकाच्या चालीवर बेतलेले असतात. पहिला बेस घेणाऱ्याने शंभर मॉडेलं पाहण्यापेक्षा या दोन माना हातात धरून बघाव्यात, निम्मा निर्णय तिथेच होतो.

पुढे जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली आणि ‘सीबीएसच्या आधीचा’ हा संग्राहकांचा परवलीचा शब्द झाला. त्या वाद्यांना आज जी किंमत पडते, त्यात लाकडापेक्षा सालाचे पैसे जास्त असतात.

पाऊणशे वर्षांत बेसच्या अंगावर, रंगावर आणि लाकडावर अमाप शाई खर्च झाली. आवाज मात्र सर्वांत जास्त बदलला तो तारांनी. सुरुवातीच्या तारांवरचं वेष्टण चपट्या पट्टीचं असे, तिला फ्लॅटवूंड म्हणतात. बोटाखाली गुळगुळीत, आवाजाला गोल आणि ठसठशीत. मोटाउन कंपनीच्या गाण्यांमागे ज्यांचा बेस ऐकू येतो ते जेम्स जेमर्सन. त्यांच्या १९६२च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवूंड तारा होत्या. तुटल्याशिवाय त्या बदलायच्या नाहीत, असा त्यांचा शिरस्ता. ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाखाली स्पंजाचा तुकडा, तारा फ्रेटपासून चांगल्या उंच, आणि उजव्या हाताचं एकच बोट. देखभालीच्या कोणत्याही पुस्तकात हा बेस नापास झाला असता. पण ज्या आवाजाने साठच्या दशकाला नाचवलं, तो याच मळलेल्या तारांचा होता.

अटलांटिकच्या पलीकडे नेमकी उलटी मागणी होती. द हू या बँडच्या जॉन एंटविसल यांना बेसमधून पियानोसारखी खणखण हवी होती. १९६६ मध्ये ते इंग्लंडमधल्या रोटोसाउंड कंपनीच्या जेम्स हाऊ यांच्याकडे गेले आणि गोल तारेचं वेष्टण असलेल्या राउंडवूंड तारा मनासारख्या करवून घेतल्या. बेस ढोलाच्या पंगतीतून उठून गिटारच्या पंगतीला बसला तो तेव्हापासून.

या खणखणीची किंमत लवकरच कळली. गोल वेष्टणाच्या खाचांत घाम, तेल आणि मेलेली कातडी साचते आणि काही आठवड्यांत तारेचा आवाज मंदावतो. बेसच्या तारांचा संच गिटारच्या कितीतरी पट महाग, मग वादकांनी तारा उकळायला सुरुवात केली. चारही तारा काढून वेटोळं करायचं, पातेल्यात दहा-एक मिनिटं उकळायचं. पाण्यावर राखाडी तवंग येतो. मग फडक्याने खसाखसा पुसून पूर्ण कोरड्या करायच्या, नाहीतर आतल्या गाभ्याला गंज धरतो. उपाय लागू पडतो, पण तात्पुरता. शिवाय खुंटीवर पुन्हा पुन्हा गुंडाळलेली तार तिथेच तुटायला येते. आता अनेक जण उकळण्याऐवजी तारा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतात, ते जास्त बरं. पातळ लेप दिलेल्या तारा नव्वदच्या दशकात आल्या. त्या महाग, पण दमट हवेत टिकतात. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वाजवायच्या आधी हात धुणे आणि नंतर तारा पुसणे. हा बहुतेकांना ठाऊक असतो आणि बहुतेक जण तो करत नाहीत.

राउंडवूंड तारा लाकूडही खातात. बेस वादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून टाकले होते, आणि उघड्या फिंगरबोर्डवर त्या तारा करवतीसारख्या चालत. त्यांनी बोर्डावर होड्यांना लावतात तसल्या इपॉक्सीचे थर चढवले. १९७६च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधला तो गाणारा स्वर काही अंशी या संरक्षक लेपाचाही आहे. दुरुस्तीतून सौंदर्य निघाल्याचं याहून चांगलं उदाहरण बेसच्या इतिहासात सापडणार नाही.

त्याच वर्षी लिओ फेंडर पुन्हा बाजारात आले, म्युझिक मॅन या नव्या कंपनीच्या स्टिंगरेसह. त्यात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प होता. आवाज रोखठोक झाला आणि वादकाच्या मागे एक नवी कटकट लागली. अशा बेसमध्ये केबल खोचली की बॅटरी चालू होते, त्यामुळे कार्यक्रमानंतर केबल तशीच ठेवली तर बॅटरी उगाच झिजत राहते आणि एक दिवस बसते. मग ऐन गाण्यात आवाज फाटू लागतो आणि वादक ॲम्पला शिव्या घालतो.

ॲम्पची कथा मात्र वजनाची कथा आहे. अँपेग कंपनीचा १९६९चा एसव्हीटी हा ३०० वॉटचा राक्षस. त्यात १४ व्हॅक्यूम ट्यूब, नुसतं हेडच ३५ किलोंच्या वर, आणि खाली आठ स्पीकरांचं कपाट. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात त्याचे पहिले नग गाजले. आज क्लास-डी तंत्राचा तेवढ्याच ताकदीचा, किंबहुना वरचढ, ॲम्प दोन-तीन किलोंत मिळतो आणि पाठीवरच्या पिशवीत जातो. जुन्या वादकांना ट्यूबची ऊब आठवते. ती उचलून तीन जिने चढवणाऱ्यांना ती तितकीशी आठवत नसावी.

मुंबईत हा प्रवास वेगळ्या चालीने झाला. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात सत्तरच्या दशकात बेस गिटार ठळक झाली, त्यात राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातल्या टोनी वाझ यांचा मोठा वाटा. आयातीवरच्या निर्बंधांमुळे चांगलं वाद्य आणि तारा मिळवणं हाच एक उद्योग होता. परदेशी जाणाऱ्या ओळखीच्यांना यादी दिली जाई. बेस वाजवणाऱ्यांपैकीच एक चरणजित सिंग. जपानच्या रोलंड कंपनीने बेस वादकाला पर्याय म्हणून टीबी-३०३ नावाची पेटी काढली होती. खऱ्या बेसची नक्कल तिला काही साधली नाही आणि १९८४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच पेटीवर रागांवर आधारलेला डिस्को अल्बम केला, जो कोणी विकत घेतला नाही. शिकागोतून ॲसिड हाऊस नावाचं नृत्यसंगीत त्याच पेटीतून निघालं ते काही वर्षांनी. २०१० मध्ये अल्बम पुन्हा निघाला तेव्हा जगभरच्या डीजेंनी कपाळावर हात मारला. बेसवाल्याची नोकरी घालवायला आलेलं यंत्र एका बेसवाल्यानेच असं कामाला लावलं.

आता आयात सोपी आहे, पण आपली हवा तीच आहे. मुंबई-कोकणातल्या जुलैत लाकूड ओलावा पितं, मान वाकते आणि तारा वर उचलल्या जातात. पुण्या-नागपुरात उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं तळहाताला बोचू लागतात. चार तारा मिळून मानेवर ७० किलोंहून अधिक ताण देतात, त्याला तोंड देण्यासाठी आत पोलादी ट्रस रॉड असतो. तपासणी सोपी आहे. एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली किती फट राहते ते पाहायचं. एखादं व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी असली की पुरे. जास्त असेल तर ॲलन की पाव फेऱ्याने फिरवायची, लाकडाला एक दिवस द्यायचा, मग पुढची पाव. घाईने पूर्ण फेरा मारणारे हमखास कारागिराकडे जातात.

फिंगरबोर्डचं लाकूड पुष्कळदा आपल्या ओळखीचं असतं. ब्राझीलच्या रोजवूडचा व्यापार १९९२ मध्ये जवळजवळ बंद झाला आणि तोवर रुळलेली भारतीय शिसव, सह्याद्रीतही वाढणारी, आणखी मागणीत आली. २०१७ मध्ये शिसवीच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली, तेव्हा कंपन्या पाव फेरोसारख्या लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९च्या शेवटी. शिसवीच्या बोर्डाला तारा बदलताना अधूनमधून तेलाचा हात द्यावा लागतो. मेपलच्या लॅकर चढवलेल्या बोर्डाला तो मुळीच देऊ नये.

जुना बेस घेणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांचा १९६१ मध्ये हॅम्बर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेला होफनर बेस १९७२ मध्ये चोरीला गेला होता. तो सापडल्याची बातमी २०२४च्या फेब्रुवारीत आली, तेव्हा त्यालाही वाजण्याजोगं होण्यासाठी डागडुजी लागणार होती. वापरलेलं वाद्य बघताना रंगाचे टवके सोडून द्यावेत. पोटेन्शिओमीटरची खरखर दोनशे-तीनशे रुपयांच्या क्लीनरने जाते, गंजक्या तारा फेकायच्याच असतात, फ्रेटही घासून घेता येतात. मान पिळवटलेली आहे का, हे मात्र हेडच्या बाजूने डोळा लावून पाहावं, आणि विकणाऱ्याच्या परवानगीने ट्रस रॉडचा नट हलकेच फिरवून बघावा. तो आधीच शेवटापर्यंत आवळलेला निघाला, तर बेस निम्म्या किमतीत मिळत असला तरी तिथून उठावं.