कुलूप कोणाचां?

सकाळी साडेसहा

चतुर्थी तोंडावर आली की मालवणात छत्र्या मोडतात आणि कुलपं अडतात. दोन्ही फिरून माझ्याच टेबलावर येतात. बाजारपेठेत माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे: छत्री, स्टोव्ह, बॅगांच्या चेन, कुकरच्या शिट्ट्या. किल्लीशिवाय कुलूप उघडायची हत्यारं घडवणं हा मात्र धंदा नाही, नाद आहे. नादाला वेळ द्यायचा तर दुकान उघडायच्या आधी. मागच्या पडवीत फणसाच्या ओंडक्यावर जुना बाकव्हाइस बसवलाय. बाहेर भुरभुर असली तरी तिथे उजेड चांगला येतो.

आज व्हाइसमध्ये छत्रीची काडी आहे. नीट बघितलंत तर ती भरीव नसते, तिला पन्हळ असते. 1852 साली इंग्लंडातल्या सॅम्युअल फॉक्सने अशी पन्हळी पोलादी काडी आणली आणि छत्री एकदम हलकी झाली. छत्रीला वरदान, माझ्या कामाला अडचण. किल्लीच्या भोकात जायला पट्टी सपाट हवी, म्हणून पन्हळीच्या दोन्ही भिंती कानशीने उतरवाव्या लागतात. उरते ती इतकी अरुंद की जरा जोर पडला की वाकते. तरी मी काड्या टाकत नाही. नवशिक्याने कानशीचा हात काडीवरच बसवावा. फुकटची असते, बिघडली तर हळहळ नाही.

खरा माल दुसरा. मोडलेलं हॅक्सॉ ब्लेड फॅब्रिकेशनवाले फेकून देतात. आणि वायपर: त्याच्या रबराला आधार म्हणून दोन बाजूंना स्टेनलेसच्या चिंचोळ्या पट्ट्या असतात. इथल्या पावसात वायपर एक मोसम टिकला तरी नशीब, त्यामुळे गॅरेजच्या मागच्या ढिगात पट्ट्यांना तोटा नाही. ब्लेडचा होतो हूक, वायपरची होते ताणपट्टी. हत्यारं खरं तर एवढीच दोन. एक कुलपातल्या खिट्या उचलायला, दुसरं गाभ्यावर वळण्याचा दाब ठेवायला. परदेशी संच फोनवर दिसतात, चामड्याच्या पाकिटात वीस-वीस नग. त्यातले बरेचसे शोभेचे, असं माझं मत आहे.

ब्लेड घासायला ग्राइंडर वापरतो, पण एका पथ्याने. चटका बसायला लागला की लगेच पाण्यात बुडवायचं. साध्या कार्बन पोलादावर आधी गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा. निळा दिसला की टोकाचं पाणी उतरलं. तेवढं छाटायचं आणि मागे सरकून नवीन टोक काढायचं. ताणपट्टीचं टोक मात्र गॅसवर मुद्दाम लाल करून पकडीने काटकोनात वळवायचं. तिथे पोलाद नरम पडलं तरी चालतं, लवचिकपणा लागतो तो उरलेल्या पट्टीत.

मग पॉलिश पेपर: 400, 600, शेवटी 1000 नंबर. लोक आळस करतात तो इथेच. हूकला ओरखडा राहिला की तो खिटीच्या बुडाला अडकतो आणि बोटाला खोटी बातमी देतो. झालं की खोबरेल नव्हे, शिवणयंत्राचं तेल पुसून फडक्यात गुंडाळायचं. खाऱ्या हवेत उघड्या पोलादावर एका रात्रीत तांब धरते.

नऊ वाजता

घावणे खाऊन दुकानात. सोमवार असल्याने बाजार भरलाय, भरडापासून खाली गाडी घालायची सोय नाही. माटवीचं सामान, कांगलं, तेरडा, नारळाच्या राशी. अकरापर्यंत नुसत्या छत्र्या.

साडेदहा

मधेच मुंबईहून रात्रीच्या गाडीने उतरलेलं एक कुटुंब दारात. घर मे महिन्यापासून बंद, किल्ली हातात आहे, कुलूप फिरत नाही. गणपती आणायचाय, पोरं बॅगांवर बसलीयत.

"मेस्त्री, तुमी कुलपां उघडतास म्हणतत."

मी पहिला प्रश्न नेहमीचाच विचारतो, कुलूप कोणाचं? ते हसले, पण सांगितलं. शेजारच्या वहिनींना फोन लावून दिला. वहिनी मला ओळखतात, मग दुकान पोराच्या हवाली करून स्कूटर काढली.

लोखंडी, लिव्हरचं साधं कुलूप. भोकात डोकावलो तर काळं किटण. अडलेल्या कुलपाचा पहिला गुन्हेगार गंज नव्हे, खोबरेल असतं. निघताना माणूस प्रेमाने दोन थेंब सोडतो, त्यावर धूळ बसते, चार महिन्यांत त्याचा चिकट गाळ होतो. माझे हूक पिशवीतच राहिले. रॉकेल सोडलं, लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच बडवलं, वाट बघितली, पुन्हा सोडलं. किल्ली दर वेळी जरा जरा पुढे जायला लागली आणि शेवटी फिरली. त्या गृहस्थांची थोडी निराशा झाली असावी, त्यांना जादू बघायची होती. कुलूप कोरडं ठेवा, लागलंच तर पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला, एवढं सांगून निघालो. पैसे नको म्हटलं, तर वहिनींनी पडवळ दिलं.

दुपारी दीड

बाजार मिटला, मालवण जेवून आडवं झालं. मी जेवतो, पण आडवा होत नाही. नादाचा हा दुसरा तास.

माझ्याकडे गोणपाटाच्या पिशवीत जुनी कुलपं आहेत, भंगारातून तोलून घेतलेली. आजचं पितळी, पाच खिट्यांचं. ही रचना लायनस येल धाकटा याने 1861 मध्ये पेटंट केली, पण तिचं मूळ इजिप्तच्या लाकडी कुलपांत आहे. प्रत्येक खिटीचे दोन तुकडे, वर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळे जोड एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो.

किल्ली नसताना ते उघडतं कारखान्याच्या उणिवेमुळे. पाचही भोकं तंतोतंत एका रेषेत पाडणं यंत्राला जमत नाही, केसाएवढा फरक राहतोच. ताणपट्टीने गाभ्यावर दाब दिला की पाचातली एकच खिटी आधी अडते. बाकीच्या स्प्रिंगवर मऊ हलतात, ही कडक लागते. तिला शोधून हळू उचलायचं. जागेवर आली की बारीक टिक होते, कानाला कमी, बोटाला जास्त, आणि गाभा किंचित सरकतो. मग पुढची अडते. कुठली ते कुलूप सांगतं, आपण ठरवायचं नसतं. आज तिसरी, मग पहिली, मग पाचवी. चौथीपाशी मी गुंतलो. नव्या माणसाची चूक एकच असते, ताणपट्टीवर जोर. दाब असावा तो झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात काढून घेताना असतो तेवढा. हात ढिला केला, चौथी बसली, दुसरी आपसूक आली, कडी उडाली.

या नादात मोठी माणसं पडलेली आहेत. अणुबॉम्बवर काम चालू असताना लॉस अलामॉसला रिचर्ड फाइनमन सहकाऱ्यांच्या कपाटांची कुलपं उघडत असे. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने ब्रामा कंपनीचं कुलूप उघडलं. ते दुकानाच्या खिडकीत 1790 पासून आव्हान म्हणून टांगलेलं, बक्षीस 200 गिनी. हॉब्जला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. आणि हत्यारं त्याने स्वतःच घडवली होती. नेदरलँड्स आणि जर्मनीत या नादाच्या मंडळ्याच आहेत. त्यांचा नियम मला पटतो: कुलूप स्वतःचं असावं किंवा मालकाने हो म्हटलेलं असावं, आणि वापरातल्या कुलपाला हात लावू नये.

कोकणात या नियमाचा खरा कस लागतो, तो साडेचारनंतर.

साडेचार

चहाचा कप ठेवतोय तोवर एक ओळखीचा माणूस आला. खुर्चीत बसला नाही, म्हणजे काम अवघड.

"एक नवताल उघडूचा हा."

"कोणाचां?"

"घर आमचांच."

"घर नाय विचारूक. कुलूप कोणाचां?"

जरा थांबून म्हणाला, "भावाचां."

गोष्ट सोपी, म्हणजे इथे सोपी. वडिलांचं घर, सातबारावर दोघांची नावं, शिवाय चुलते आणि आत्या. धाकटा डोंबिवलीत. गेल्या शिमग्याला आला, जाताना माजघराच्या दाराला आपलं कुलूप घालून गेला. देव आतल्या खोलीत. गणपती बसवायचा तो तिथेच.

"घर दोघांचां, मगे कुलूप एकट्याचां कसां?" तो म्हणाला.

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. वकिलाकडेही पटकन नसेल. आमच्याकडे खिट्या आणि लिव्हर हा कुलपातला सोपा भाग. सामाईक घर, बंद घर, मुंबईचा हिस्सेदार, गावचा हिस्सेदार, हे सगळं त्या कडीत अडकलेलं असतं. हिस्सा त्याचाही आहे, हे मला मान्य. पण कुलूप घालणारा हो म्हणत नाही तोवर मी हात लावत नाही. उद्या धाकटा आला तर आतलं काय होतं आणि काय नव्हतं याचा साक्षीदार मीच.

"भावाक फोन लाव."

"आमी बोलनव नाय."

"मगे मी लावतंय. नंबर दी."

नंबर दिला, पण तोंड वळवून. फोन लागला नाही. तो गेला.

त्याला सांगितलं नाही ते इथे सांगतो. नवताल माझ्या वायपरच्या पट्टीला दाद देणारही नव्हतं. 1897 साली लालबागला अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं करायला घेतली, त्या घराण्याचं हे कुलूप. त्यात खिट्या नाहीत, लिव्हर आहेत, सहा, सात, आठ. त्याला लागणारं हत्यार वेगळं आणि हातही वेगळा. माझा नाही.

सव्वासहा

हे महत्त्वाचं. सूर्य समुद्रात जायच्या आत हुकांची गुंडाळी घरच्या खणात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 122 सांगतं की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार रास्त कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा, आणि कारण पटवून देण्याचं ओझं ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर. मी छत्री दुरुस्त करणारा माणूस, रात्री आठला नाक्यावर पोलिसाला फाइनमन कसा समजावणार? म्हणून संध्याकाळचं बोलावणं मी घेत नाही, कितीही ओळखीचं असो. दिवेलागणीला पिशवीत फक्त पाने, पकड आणि छत्रीच्या काड्या.

हिला हे कलम तोंडपाठ आहे. दार उघडतानाच विचारते, "ठेवलंव?"

साडेआठ

जेवताना फोन वाजला. डोंबिवली. धाकट्याने आधी आवाज चढवला, मग माझं नाव ऐकून उतरवला. त्याचं म्हणणं, कुलूप चोरांसाठी घातलं, भावासाठी नव्हे. किल्ली त्याच्याकडे, आणि तो येणार थेट चतुर्थीच्या आदल्या रात्री, गाडी मिळाली तर. उघडा म्हणाला, पण व्हिडिओ कॉलवर, त्याच्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, सकाळी आठला, उजेडात, शेजारची दोन माणसं आणि पोलीस पाटील हजर असताना. कबूल झाला.

"तुमी तां तारेन उघडतास ना? कुलूप वाया जाऊक नको."

त्याला खरं सांगितलं. ते तारेने उघडायचं नाही आणि कापायचंही नाही, कडी कडक पोलादाची आहे. कापणार कोयंडा, तो साध्या लोखंडाचा. नवं ब्लेड लावलं की फार वेळ लागत नाही. कुलूप शाबूत राहील. नवा कोयंडा मी बसवून देईन, पण कुलूप दुसरं आणा, आणि त्याची एक किल्ली गावात राहू दे.

नऊ वाजता थोरल्याला निरोप दिला. सव्वानवाला तोच दारात आला, या वेळी खुर्चीत बसला. किल्ली गावात ठेवायला त्याची ना नाही. कोयंड्याचे पैसे कोणी द्यायचे, एवढंच ठरत नव्हतं.