जागचं कोण हलणार?

घोडपदेवातून हार्बरचे रूळ ओलांडून पूर्वेला उतरलं की दारूखाना लागतो. दुकानांच्या दारात मनगटाएवढ्या जाड साखळ्या, गंजलेले शॅकल, वायर रोपची भेंडोळी. यातलं बरंचसं कधीतरी कुठल्यातरी जहाजावर होतं. पलीकडे खाजणाचा चिखल आणि त्यात अर्धं कापलेलं जहाज. पूर्ण भारासह सुमारे वीस हजार टनांची जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ साली इथंच मोडीत निघाली. पद्धत जुनीच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जहाज जेवढं वर येईल तेवढं आणायचं, कापून हलकं करायचं, आणि पाणी पुन्हा चढलं की किनाऱ्यावरच्या विंचनं आणखी थोडं ओढून घ्यायचं.

विंच म्हणजे एक ढोल, त्यावर गुंडाळलेली वायर आणि तो ढोल सावकाश फिरवणारं यंत्र. विहिरीवरच्या रहाटाचं चुलत भावंडच. दारूखान्यात ते जमिनीत पाय रोवून बसतं आणि जहाज त्याच्याकडे येतं.

आता तेच विंच जीपच्या नाकावर बसवू. जीप हीसुद्धा आमच्या शेजारचीच. माझगावात १९४९ साली महिंद्रांनी विलीस जीपची जोडणी सुरू केली होती. समजा, जीप इगतपुरीकडच्या एखाद्या ओढ्यात रुतली. ड्रायव्हर वायर घेऊन चिखलातून पलीकडे जातो, जांभळाच्या बुंध्याला रुंद पट्टा घालतो, हूक अडकवतो आणि बटण दाबतो. झाड येत नाही, जीप जाते. वायरीतला ताण दोन्ही टोकांना सारखाच, पण विंचला काय ठाऊक आपण कुणाला ओढतोय! दोघांत ज्याचा पाय सुटतो तो हलतो, एवढंच. न्यूटनचा तिसरा नियम घोकून शाळेत मार्क मिळवले होते. पटला तो हे लक्षात आल्यावर.

जीपच्या विंचचं पोट उघडलं तर आत बारा व्होल्टची मोटर आणि दात्यांची चक्रं. मोटरचे दोनशेच्या वर फेरे होतात तेव्हा कुठे ढोल एकदा फिरतो. वेग असा विकून ताकद घेतलेली असते. चार-सव्वाचार टन ओढायचे तर वायर मिनिटाला दोन-तीन मीटरच आत येते, आणि तेवढ्यासाठी बॅटरीतून चारशे अँपिअरच्या आसपास प्रवाह निघतो. हिशेब करा, जवळजवळ पाच किलोवॉट! एवढ्या विजेवर चाळीतल्या सगळ्या खोल्यांचे पंखे फिरतील. म्हणून केबल अंगठ्याएवढी जाड लागते, आणि मोटर तापायच्या आत तिला विसावा द्यावा लागतो.

खरी गंमत मात्र ढोलावर आहे. वायर कितीही लांब सोडा, शेवटचे पाच वेढे ढोलावर ठेवायचेच, असं जाणते लोक बजावतात. वायरीचं टोक ढोलाला एका किरकोळ स्क्रूनं धरलेलं असतं. चार टन त्याच्यावर आले तर तो टिकणार कसा? टिकवतात ते वेढे. घर्षणामुळे प्रत्येक वेढ्याला ताण काही पटींनी उतरतो, आणि हा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. घर्षण अगदी बेताचं धरलं तरी पाच वेढ्यांनंतर शंभरावा हिस्साही उरत नाही. चार टनांचे होतात चाळीस किलोंहून कमी! भाऊच्या धक्क्यावरचा खलाशी खांबाला दोरीचे तीन वेढे मारून अख्खी लाँच एका हातानं धरतो, तेही याच जोरावर.

पण वेढे फार झाले तरी पंचाईत. थरावर थर चढला की ढोल जाड होतो आणि ओढ घटते. चौथ्या थरावर जवळजवळ चाळीस टक्के ताकद गेलेली असते. पाकिटावर छापलेला आकडा फक्त पहिल्या थराचा. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

आता हौशी लोकांचा नेहमीचा वाद: विंच गाडीला कायमचं जखडावं की काढघालीचं ठेवावं? जखडलेलं विंच पोलादी बंपरमधून थेट चॅसीला बोल्ट केलेलं असतं, केबल आखूड, सदा तयार. पण पस्तीस-चाळीस किलो आणि वर बंपर, एवढं ओझं गाडीच्या नाकावर बारा महिने असतं. पुढची स्प्रिंग बसते, चढाला नाक आधी टेकतं. शिवाय केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये गाड्यांपुढच्या लोखंडी गार्डवर बंदीचे आदेश काढले, कारण त्यांची धडक पादचाऱ्याला जास्त लागते. मुंबईच्या रस्त्यांत मला तर ते पटतंच.

काढघालीचं विंच एका चौकटीवर बसतं. चौकटीचा दांडा गाडीच्या चॅसीला जोडलेल्या दोन इंची चौकोनी नळीत सरकतो आणि बोटाएवढी एक पिन त्याला अडवते. चार टनांचा जीव त्या पिनेत! ती दोन जागी कापली गेल्याशिवाय तुटत नाही, म्हणून निभावते. अशी नळी मागेही लावली की विंच मागे नेता येतं, आणि आलो त्या वाटेनं माघारी निघता येतं. रुतलेला शहाणा बहुधा माघारीच निघतो. त्रास एवढाच की गुडघाभर चिखलात पोत्याएवढं वजन उचलून त्या नळीत नेमकं बसवावं लागतं, आणि नळी कधीकधी चिखलाखालीच गेलेली असते. केबललाही मध्ये जोड येतो. तो सैल राहिला तर तिथंच तापतो.

याहून सुटसुटीत म्हणजे हातानं चालणारं तिरफोर. त्यात ढोलच नाही. दोन जबडे वायरीला आळीपाळीनं धरतात, विहिरीतून घागर ओढताना आपले हात चालतात तसे. ते गाडीला बांधायलाही नको. झाडाला बांधायचं, वायर जीपला लावायची आणि दांडा हलवत राहायचं. मग विंच जागच्या जागी, आणि जीप चिखलातून हातहातभर पुढे, दारूखान्यातल्या जहाजासारखी.