पानावरच्या अर्थाच्या खुणा

ठाण्यातील माजिवड्याच्या नाक्यावर, जेथे घोडबंदरचा रस्ता, नाशिककडे निघालेला महामार्ग आणि मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग एकमेकांस भेटतात, तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. ती जन्मांध आहे, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि संगणक आमच्यापैकी पुष्कळांहून अधिक सफाईने चालवते. गेल्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत पाहायची म्हणून तिने मला शेजारी बसवून घेतले, तेव्हा मी आयुष्यात प्रथमच एक संकेतस्थळ डोळे बाजूला ठेवून कानांनी वाचले. तिच्या संगणकात एनव्हीडीए नावाचा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा कार्यक्रम आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली त्याचा आरंभ केला आणि तो कोणालाही विनामूल्य मिळतो. तिने ‘एच’ ही कळ दाबली, म्हणजे पुढच्या शीर्षकावर जाण्याची आज्ञा केली. पुढे शीर्षक नाही, असे उत्तर आले. माझ्यासमोर तर ‘परीक्षा विभाग’ ही अक्षरे तांबड्या रंगात, ठळक आणि टपोरी, अशी ढळढळीत दिसत होती! मग तिने तक्त्यासाठी ‘टी’ दाबली; तक्ताही नव्हता. अखेर ती एकेक ओळ उतरत गेली, ‘येथे क्लिक करा’ हे शब्द सात वेळा ऐकले, आणि शेवटी ‘चित्र’ एवढे सांगून यंत्राने एक लांबलचक आकडा उच्चारला, कारण सूचनेचा कागद शिक्क्यासकट स्कॅन करून तेथे चिकटवलेला होता.

“काका, तारीख कुठे आहे?” तिने विचारले.

“अगं, ही काय समोर,” असे मी बोलून गेलो, आणि त्या ‘समोर’ शब्दाचे ओझे पुढे कित्येक दिवस माझ्या मनावरून उतरले नाही.

ते पान रचणाऱ्याने ‘परीक्षा विभाग’ ही अक्षरे मोठी केली होती, परंतु हे शीर्षक आहे असे संगणकास कोठेही सांगितले नव्हते. मजकुराच्या प्रत्येक भागाला त्याचे कार्य सांगणारी खूण लावणे, हे शीर्षक, हा परिच्छेद, ही तारीख, हा पत्ता असे पानाच्या पोटातच लिहून ठेवणे, यास संगणकाच्या व्यवहारात सिमँटिक मार्कअप म्हणतात; आपण त्यास अर्थवाही खुणा म्हणू. ही कल्पना नवी नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत एचटीएमएल ही पानांची भाषा घडवली, आणि तिच्या खुणांची जी पहिली यादी १९९१ साली बाहेर आली तीत बहुतेक खुणा कार्य सांगणाऱ्याच होत्या. पुढे व्यापाऱ्यांची व जाहिरातदारांची गर्दी झाली, पान देखणे दिसावे म्हणून रंगरूपाच्या खुणा वाढल्या, तक्ते मजकूर सजवण्याच्या कामी जुंपले गेले, आणि मूळचा शिरस्ता मागे पडला. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएलची पाचवी आवृत्ती अधिकृत शिफारस म्हणून मान्य झाली, तेव्हा पानाचा माथा, दिशादर्शक दुवे, मुख्य मजकूर, स्वतंत्र लेख, पायथा आणि काळवेळ यांना स्वतःच्या नावाच्या खुणा मिळाल्या.

मराठी वाचकास हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. मोडीतील जुना कागद ज्याने हाती धरला आहे त्यास ठाऊक असते की त्यात शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ओळ एका दमात धावते. तथापि दप्तरातला कारकून कागदांचा रुमाल सोडून हवा तो तपशील बिनचूक काढीत असे, कारण कागदाची रचनाच त्यास वाट दाखवी. माथ्यावर श्रीकार, मग पदवीनुसार ठरलेला मायना, पुढे कलमवार मजकूर, आणि चांद्र तारखेच्या आकड्यापूर्वी ‘छ’ हे एकच अक्षर. हे ‘छ’ शोभेसाठी लिहिलेले नसे. पुढचा आकडा रकमेचा नव्हे, गावांच्या संख्येचा नव्हे, तारखेचा आहे, एवढेच ते सांगे. आणि मजकूर संपला तेथे मोर्तबाचा शिक्का. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे होती. येथे या पत्राची सीमा झाली, याखाली कोणी ओळ वाढवू नये, हा त्यांचा आशय. आजच्या एचटीएमएलमध्ये तारखेसाठी ‘टाइम’ ही खूण आहे. तिचे काम पाहिले की मला त्या ‘छ’चेच स्मरण होते. सूचनेत ०५/०४ असे छापले तर ते ५ एप्रिल की ४ मे, हे भारतातला विद्यार्थी सवयीने जाणतो, पण यंत्र जाणत नाही; ‘टाइम’च्या पोटात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तीच तारीख लिहिली की संदेहास जागा उरत नाही, आणि ती उचलून भ्रमणध्वनीच्या कॅलेंडरात सहज टाकता येते.

विद्यापीठांच्या पानांचा या दृष्टीने अभ्यास करू जाता प्रथम ध्यानात येते ते हे की पाने हजारो असली तरी जाती थोड्या: परिपत्रक, अभ्यासक्रम, वेळापत्रक, विभाग, प्राध्यापक, प्रवेश, निकाल. प्रत्येक जातीचा साचा एकदा नीट ठरवला की पुढचे काम कारकुनाच्या हातचे आहे. शोधयंत्रांच्या उपयोगासाठी गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ साली स्कीमा डॉट ऑर्ग या नावाने एक सामाईक शब्दसंग्रह सिद्ध केला. त्यात विद्यापीठ, अभ्यासक्रम, व्यक्ती, कार्यक्रम यांना ठरलेली नावे आहेत.

मात्र हा शब्दसंग्रह आपल्या शिक्षणव्यवस्थेला लावताना एक अडचण येते, आणि माझ्या मते आपल्याकडच्या संशोधकांनी प्रथम तिलाच हात घालावा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, ते परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. आज ठाण्यातील बाळकुमच्या उपपरिसरात विद्यापीठ स्वतःही शिकवते, परंतु ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथील बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांतच शिकतात. आता ठाण्याच्या चेंदणी बंदरावरील ज्ञानद्वीप या शैक्षणिक संकुलाचे उदाहरण घ्या: तेथील महाविद्यालये १९३५ साली स्थापन झालेल्या विद्या प्रसारक मंडळाने काढली आणि संलग्नता घेतली ती विद्यापीठाची. त्या शब्दसंग्रहात ‘पालक संस्था’ असा एक संबंध आहे. तेथे कोणाचे नाव लिहावे, मंडळाचे की विद्यापीठाचे? इमारत, नेमणुका व कारभार मंडळाचा. संलग्नता व पदवी विद्यापीठाची. ‘सदस्य’ असा दुसरा एक संबंध आहे, पण संलग्नता म्हणजे सदस्यत्व नव्हे. हा प्रश्न पंडिती वादाचा नाही, कारण हॉल तिकिटाची चूक घेऊन कल्याणच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या खिडकीशी उभे राहावे की विद्यापीठाच्या कालिना परिसराची वाट धरावी, हे त्याच संबंधावर अवलंबून आहे. संस्थाचालक आणि संलग्नता देणारे विद्यापीठ अशा दोन स्वतंत्र खुणा असाव्यात, असे माझे मत आहे.

भाषेची खूणही अशीच उपेक्षित. पानाच्या आरंभी ‘एमआर’ ही दोन अक्षरे घातली की हा मजकूर मराठी आहे असे यंत्रास कळते. ती नसतील तर वाचून दाखवणारा कार्यक्रम इंग्रजी उच्चारांनी मराठी अक्षरांशी झटू लागतो. डोळस वाचकाचाही यात लाभ आहे: देवनागरीच्या काही टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात, आणि भाषेची खूण सापडली तरच मराठी वळण पुढे येते. शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून जी वळणे प्रमाण ठरवली, ती ‘एमआर’ या दोन अक्षरांवाचून पडद्यावर उमटायची राहून जातात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या बेचाळिसाव्या कलमाने ध्वनी, छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर दिव्यांगांस सुगम्य असावा अशी जबाबदारी शासनावर घातली आहे. कायदा आहेच, पण खूण लावणारा हात कचेरीतील एखाद्या कंत्राटी कर्मचाऱ्याचा असतो, आणि त्यास हे कोणी शिकवलेले नसते.

परीक्षेची मुदत शोधली त्याच रात्री मी आणि ती मुलगी, दोघांनी मिळून ती सूचना नव्याने लिहून काढली. शीर्षकास शीर्षकाची खूण, तारखांस तारखेची, शुल्काच्या तक्त्यात प्रत्येक रकान्यास त्याचे नाव. तिने ‘एच’ दाबताच यंत्राने शीर्षक स्पष्ट उच्चारले. तक्त्यात शिरून ती उजवीकडे सरकली तसे ‘विलंब शुल्कासह’ हे रकान्याचे नाव आधी आणि तारीख मागून ऐकू आली. मला वाटले, काम झाले. ती मात्र क्षणभर थांबून म्हणाली, “काका, ही सूचना कोणत्या वर्षाच्या मुलांसाठी आहे ते सगळ्यात खाली आलंय. तुम्ही एका नजरेत खालपर्यंत बघता. मला शेवटपर्यंत ऐकल्यावर कळतं की हे माझ्यासाठी नव्हतंच.”

‘कोणास लागू’ हा भाग मी उचलून शीर्षकाच्या लगेच खाली आणला, त्यासही शीर्षकाची खूण लावली, आणि तिने पुन्हा ‘एच’ दाबली.