विश्वाचा आरंभ आणि धर्मगुरूचे गणित

विश्वोत्पत्तीच्या शास्त्रात ईश्वराला आणू नये, असा आग्रह धरणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. या बेल्जियन शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडले. आइन्स्टाइन यांना गणित मान्य झाले, निष्कर्ष नव्हे. विश्व स्थिर आहे, असे त्यांचे अंतर्मन सांगत होते. हबल यांच्या १९२९ मधील निरीक्षणांनंतर, १९३१ मध्ये त्यांनी तो हट्ट सोडला.

पोप बारावे पायस यांना १९५१ मध्ये या सिद्धान्तात ईश्वरी निर्मितीची साक्ष दिसली, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच! हा सिद्धान्त आस्तिक-नास्तिक दोघांनाही मोकळा ठेवतो, अशी त्यांची भूमिका होती. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतितप्त अवस्थेपासूनचा इतिहास भौतिकशास्त्र सांगते. मुळात काहीतरी का आहे, याचे सर्वमान्य उत्तर मात्र अद्याप नाही.